उभ्या घोड्याची चाल

१

कॉपर लँटर्न पडला तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. अडथळ्यांच्या शर्यतीत घोडे पडतातच. २००५च्या फेब्रुवारीतली ओली दुपार होती, लंडनबाहेर मार्लबरीचं छोटं मैदान, तीन मैलांची स्टीपलचेस. तो दुसऱ्या नंबरावर पळत होता. परतीच्या वाटेवर एका कुंपणापाशी त्याचा डावा पुढचा पाय अडखळला, उडी उशिरा निघाली आणि तो मानेवर आदळला. घोडा जागच्या जागी गेला. त्याच्याखाली सापडलेला जॉकी डॅनी वाचला, पण कमरेखालचं त्याला काही कळेनासं झालं.

वावगं निघालं ते नंतर, रक्ताच्या तपासणीत. मेलेल्या घोड्याच्या रक्तात लिग्नोकेन सापडलं. दाताच्या डॉक्टरकडे हिरडी बधिर करायला टोचतात, ते औषध. आणि डाव्या पुढच्या खुराच्या जरा वर, मागच्या बाजूला, सुईच्या बारीक खुणा. दुखऱ्या पायाच्या घोड्याला कोणीतरी पाय बधिर करून पळायला लावलं होतं. आपला खूर जमिनीला टेकलाय की नाही हेच ज्याला कळत नाही, त्याने कुंपण ओलांडायचं कसं?

सुचेताला ही बातमी दोन्हीकडून लागली. कॉपर लँटर्नच्या चार मालकांपैकी ती एक होती. शिवाय ती फिजिओथेरपिस्ट होती, कणा दुखावलेल्या पेशंट्सच्या वॉर्डात, आणि डॅनीला आणलं ते नेमकं तिच्याच वॉर्डात. तिने केस दुसऱ्या कोणाकडे द्या म्हणून सांगून पाहिलं. दुसरं कोणी नव्हतं, आणि डॅनी म्हणाला, "राहू दे. निदान तुला घोड्यातलं कळतं."

त्या सकाळी ती त्याचे पाय हलवून देत होती आणि तो छताकडे बघत होता.

"शिव्हॉनने केलं म्हणतात," तो म्हणाला. "तिच्या खराऱ्याच्या बादलीत सुईचं झाकण सापडलं. खाली आली तर तिला वर सोडू नका."

शिव्हॉन म्हणजे घोड्याची मोतद्दार. आयर्लंडहून आलेली, जेमतेम डॅनीच्या वयाची. उन्हाळ्यात दोघांचं लग्न ठरलं होतं. चौकशी अधिकाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. सकाळपासून घोड्यापाशी एकटी तीच होती. कॉपर लँटर्न जिंकला असता तर एप्रिलच्या मोठ्या शर्यतीत डॅनीला चांगला घोडा मिळाला असता. होणाऱ्या नवऱ्यासाठी तिने घोड्याला टोचलं.

"तुला खरं वाटतं?" सुचेताने विचारलं.

"माझ्यासाठी तिने काहीही केलं असतं," डॅनी म्हणाला. "तेच तर वाईट आहे."

शिव्हॉन खाली होतीच, कॉफीच्या मशीनपाशी. सुचेताला पाहून ती उठली. आपण निर्दोष आहोत वगैरे काही ती बोलली नाही. एवढंच म्हणाली, "त्या दिवशी खोगीर चढवायच्या आधी घोडा पाय आखडत होता. मी कॉलिनला सांगितलं, ट्रेनर तो म्हणून. आता कॉलिन म्हणतो, मी काही सांगितलंच नाही."

सुचेता थबकली. सकाळीच पाय बधिर केला असेल, तर खोगीर चढवायच्या आधी घोडा आखडेल कसा?

२

चार मालकांची गोष्ट इथे सांगायला हवी.

डॉ. पुरुषोत्तम सहस्रबुद्धे हे स्टॅनमोरचे निवृत्त आय सर्जन. सुचेताच्या वडिलांचे मित्र. वडील गेल्यावर तिला शनिवारच्या रेसेसना न्यायची जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली, आणि ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, मोडलं, तरी तो नेम मोडला नाही. घोडा पारखावा तर पुरूकाकांनी, असं सगळं मराठी मंडळ म्हणायचं. पेपरातली भाकितं ते वाचायचे आणि बाजूला ठेवायचे. "शर्यतीआधी पॅडॉकमध्ये फिरवतात ना, तिथे घोडा चालताना बघायचा," ते म्हणायचे. "मागचा पाय पुढच्या पावलाच्या पुढे पडतो का, मान सैल आहे का, घाम कुठे आलाय. जमीन चिखलाची असेल तर रुंद खुराचा, गुडघा उंच उचलणारा. कागदावर तो कालचा घोडा असतो. आपल्याला आजचा बघायचाय."

मग ते काठी टेकून कठड्याशी उभे राहायचे आणि सुचेताला विचारायचे, "बोल, हा पुढे आहे त्याचं काय दिसतं तुला?" ती सांगायची. काका दोन प्रश्न विचारायचे, थोडा विचार करायचे आणि घोडा निवडायचे. तो पहिल्या तिनात यायचाच. गेली काही वर्षं तर ते प्रत्येक घोड्याचं तिच्याकडून वदवून घेत. आपल्याला ते तयार करतायत, याचा तिला मनातून अभिमान होता.

नीना स्लाऊमध्ये फार्मसी चालवायची. हौशी बाई. आणि शशिधर पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला, बँकेत सॉफ्टवेअर लिहिणारा. घोड्यांची मागची धाव, वजन, जमीन, अंतर हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घालून तो आकडे काढायचा. काकांची नजर आणि शशिधरचे आकडे यांची दर शनिवारी गमतीत झुंज लागायची.

कॉपर लँटर्न विकायला निघाला तेव्हा गंमत संपली. तो बघायला गेले त्या दिवशी सुचेताची ड्यूटी होती. शशिधर म्हणाला, घेऊ नका, याच्या धावा दर हिवाळ्यात मधेच तुटलेल्या दिसतात, काहीतरी दुखणं आहे. काकांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी बघितलाय. असा घोडा पुन्हा मिळणार नाही." काकांनी बघितलाय म्हटल्यावर विषय संपला.

शर्यतीच्या दिवशी सुचेताने नेहमीसारखं काकांना घरून आणि वाटेत नीनाला घेतलं. लंडनच्या ट्रॅफिकला कंटाळून त्यांनी ड्रायव्हिंग केव्हाच सोडलं होतं. मैदानाच्या दारात काकांना आणि नीनाला उतरवून ती पार्किंगला गेली. चिखलात जागा मिळेपर्यंत घोड्यांना खोगिरं चढली होती. ती पोचली ती थेट पॅडॉकमध्ये. काका खुशीत होते. बाकीच्या घोड्यांचं त्यांनी नेहमीसारखं तिला विचारून घेतलं. "आला बघ आपला," ते म्हणाले. "कसा मोकळा चालतोय. पाय किती लांब टाकतोय." ती वळून डॅनीशी बोलत होती. मग तिने पाहिलं, तर खरंच, कॉपर लँटर्न मोकळा चालत होता.

एवढंच तिला आठवत होतं. त्यात खोट कुठे होती हे काही सापडत नव्हतं.

३

नीनाच्या दुकानात दोन शेल्फं रिकामी दिसत होती. चौकशीवाल्यांनी तिचा सगळा लिग्नोकेनचा साठा तपासायला नेला होता.

"आता तूही विचारायला आलीस?" नीना म्हणाली. गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून आवाज खाली होता. "माझ्याकडची एकूण एक बाटली जुळली. तरी येणारे जाणारे माझ्याकडे बघतात. घोडा मारणारी केमिस्ट."

"मला फक्त एवढंच सांग, खोगीर चढवताना तिथे कोण कोण होतं?"

"कॉलिन, शिव्हॉन, काका. शशी बाहेर उभा. मी कॅमेरा घेऊन इकडे तिकडे."

"घोडा आधी कसा चालत होता? लंगडत होता?"

नीनाने औषधाची पिशवी गिऱ्हाइकाला दिली, गल्ला बंद केला आणि मग म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं?" थोड्या वेळाने ती आत गेली आणि कॅमकॉर्डरची छोटी टेप घेऊन आली. "आईला पाठवायला शूट केलं होतं. मी पाहिलेलं नाही. पाहणारही नाही. घेऊन जा."

ट्रेनर कॉलिन वेब याच्या यार्डात चाळीस घोडे आणि माणसं निम्मी. तो सुचेताशी बोलताना एक घोडी धुवत होता आणि पाण्याचा पाइप त्याने एकदाही खाली ठेवला नाही.

"तिने मला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी घोडा मागे घेतला असता."

"आणि सांगूनही घेतला नसतास, तर?"

"तर माझं लायसन्स गेलं असतं," कॉलिन म्हणाला. "म्हणून तिने मला काही सांगितलं नाही. कळलं?"

तो खोटं बोलतोय हे तिला कळलं. पण ते खोटं स्वतःला वाचवणाऱ्याचं होतं. सुई टोचणाऱ्या माणसाने तिने सांगितलं की नाही यावर एवढा जोर दिला नसता.

शशिधर भेटला तो बँकेखालच्या सँडविचच्या दुकानात. तो कडवट हसला.

"मी म्हटलं होतं ना, घेऊ नका. पण माझं ऐकणारा कोण? काकांच्या नजरेपुढे माझे आकडे म्हणजे पोरखेळ."

"त्याचा राग होता तुला?"

"होता. म्हणून मी घोडा मारीन का? तो हरला असता तरी माझं समाधान झालं असतं. पाय बधिर करणाऱ्याला तो जिंकायला हवा होता, सुचेता. मला नको होता. त्या दिवशी मी दुसरा घोडा निवडला होता, सगळ्यांसमोर." त्याने अर्धं सँडविच बाजूला सारलं. "आणि मला घोड्याच्या पायांची भीती वाटते हे तुला माहीत आहे. खोगीर चढवतात त्या बॉक्सच्या आत मी गेलोसुद्धा नाही. शिव्हॉनने दोन्ही हातांनी लगाम धरला होता, तो घोडा डोकं झटकत होता म्हणून. कॉलिन पलीकडून तंग आवळत होता. एवढं मी पाहिलं."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तो जिंकायला हवा होता. पण कोणाला? डॅनीला, म्हणून शिव्हॉनला. कॉलिनला, ट्रेनर म्हणून. की आणखी कोणाला?

४

घरी येऊन तिने टेप लावली.

सुरुवातीला चिखल, लोकांचे बूट, नीनाचं हसणं. मग खोगीर चढवायच्या आधी घोडे फिरवतात ते छोटं रिंगण. कॉपर लँटर्न आला. अंगावर ब्लँकेट, बाजूला लाल टोपीतली शिव्हॉन.

माणसाची चाल बघणं हा सुचेताचा रोजचा धंदा. कोणाचं कुठे दुखतं ते पेशंटने तोंड उघडायच्या आधी तिला कळायचं. तिने टेप हळू केली. डावा पुढचा पाय जमिनीला लागायच्या आत घोडा मान वर उचलत होता. पाऊल आखूड पडत होतं. शिव्हॉन खरं बोलत होती.

टेपवर नीनाचा आवाज आला, "काका, हा जरा लंगडतोय का हो?"

आणि काकांचा, शांत, "थंडी आहे. सुटेल पाय."

नीनाने पाहिलं होतं. पाहिलं, बोलली आणि काकांनी नाही म्हटल्यावर गप्प बसली. ती टेप तिला का बघवत नव्हती ते सुचेताला आता कळलं.

मधे चित्र तुटलं. मग पॅडॉक. तोच घोडा, पाठीवर खोगीर, आणि पाऊल लांब, मोकळं, मान स्थिर. म्हणजे सुई सकाळी तबेल्यात टोचलेली नव्हती. छोट्या रिंगणातून निघून पॅडॉकमध्ये येईपर्यंतच्या वेळात, खोगिराच्या बॉक्समध्ये, लोकांच्या डोळ्यांदेखत टोचली होती.

दुसऱ्या दिवशी ती कॉफीच्या मशीनपाशी शिव्हॉनजवळ बसली.

"त्या बॉक्समध्ये कोण खाली वाकलं होतं?"

"कोणी नाही."

"खुरापाशी टोचायचं तर वाकावंच लागेल. नीट आठव."

शिव्हॉनने आठवलं. "कॉलिन उभाच होता, पलीकडे. मी तोंडाशी. तुमचा तो मित्र बाहेर. कोणी वाकलं नाही, डॉक्टर सोडले तर."

सुचेताने कॉफीचा कप खाली ठेवला.

"ते तर नेहमीच वाकतात," शिव्हॉन म्हणाली. "दर वेळी पायावरून हात फिरवतात. मीच त्यांना पाय उचलून देते यार्डात. त्या दिवशी लँटर्नने एकदा पाय आपटला, तर ते हसले, म्हणाले, माझे हात गार आहेत. माझी बादली तिथेच होती, त्यांच्या पायाशी."

ती बोलता बोलता थांबली. सुचेताच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिने पाहिलं.

"पण त्यांचाच घोडा होता ना तो," शिव्हॉन म्हणाली. "आणि त्यांच्यापेक्षा जास्त घोड्यातलं कोणाला कळतं? बधिर पायाने घोडा पडेल, हे त्यांना कळलं नसेल?"

५

तोच प्रश्न सुचेतालाही होता, आणि ती त्याला धरून बसली. पुरूकाकांना दुखणारा घोडा जन्मात कधी चुकला नव्हता. मग विकत घेताना हा कसा चुकला? आणि चुकलाच असेल, तर ते मान्य करायला काय हरकत होती? एक घोडा वाईट निघाला म्हणून त्यांना कोण हसणार होतं?

तिने टेप पुन्हा लावली. या वेळी डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त. पॅडॉकचा भाग सुरू झाला. चित्रात एक तांबूस घोडा समोरून चालत गेला आणि काकांचा आवाज आला, तिला पाठ असलेला. "आला बघ आपला. कसा मोकळा चालतोय. पाय किती लांब टाकतोय."

तिने टेप मागे घेतली आणि चित्र थांबवलं.

समोरून चालत गेलेला घोडा सात नंबरचा होता. आकडा खोगिराखालच्या कापडावर ढळढळीत दिसत होता. कॉपर लँटर्नचा नंबर तीन. तीन नंबर चित्राच्या कोपऱ्यात होता, पॅडॉकच्या फाटकात, उभा. कॉलिन त्याचा पट्टा नीट करत होता. बाजूला लाल टोपी. तो अजून आत आलाच नव्हता. एक पाऊलही चालला नव्हता.

काका उभ्या घोड्याच्या चालीचं कौतुक करत होते.

ती टीव्हीसमोर जमिनीवर बसून राहिली. मग एकेक गोष्ट आपण होऊन जागेवर येऊन बसायला लागली, नको असताना. आपला घोडा कुठला आणि परका कुठला, हे ज्याला दहा पावलांवरून कळलं नाही, त्याला दिसत नव्हतं. गाडी सोडली ती ट्रॅफिकमुळे नव्हे. त्या दिवशी त्यांनी पॅडॉकमधल्या बाकी सगळ्या घोड्यांचं तिला विचारलं होतं, बोल, काय दिसतं तुला? फक्त कॉपर लँटर्नचं विचारलं नाही. त्याचं त्यांना आधीच ठाऊक होतं. थोड्या वेळापूर्वी तो लंगडत होता, असं नीनाने त्यांना सांगितलं होतं. आता तो लंगडणार नाही, हे कोणीही न सांगता माहीत असलेला माणूस एकच असू शकतो. ज्याने सुई टोचली तो.

आणि गेली काही वर्षं ते तिला शिकवत नव्हते. तिचे डोळे वापरत होते.

या दुसऱ्या गोष्टीचं तिला पहिल्यापेक्षा जास्त लागलं. त्याची तिला लाज वाटली, कारण वर वॉर्डात डॅनी पडला होता.

६

स्टॅनमोरला काकांच्या घरी दार श्यामलाकाकूंनी उघडलं. "ये गं. चहा टाकते. हे आत आहेत, पेपर घेऊन बसलेत."

काका खिडकीत, उजेडाकडे पाठ करून बसले होते. मांडीवर पेपर, रेसिंगचं पान.

"सुचेता ना?" ते म्हणाले. "ये. शनिवारी सँडफर्डला जाऊ या का? मन रमेल जरा."

ती समोर बसली. येताना तिने खूप वाक्यं ठरवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"काका, पॅडॉकमध्ये तुम्ही ज्याला आपला घोडा म्हणालात, तो सात नंबर होता."

काकांनी मांडीवरचा पेपर सारखा केला.

"आपला घोडा फाटकात उभा होता. नीनाच्या टेपवर आहे सगळं. तुमचा आवाजही आहे." मग तिने बाकीचं सांगितलं. आखडणारं पाऊल, बॉक्स, बादली, गार हात. सांगताना तिचा आवाज वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना होतो तसा कोरडा झाला.

पुरुषोत्तमांनी पेपरची घडी केली. घडी अगदी सरळ आली, बोटांनी कडा जुळवून.

"मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. चेहऱ्याच्या जागी डाग, आणि भोवती केस, कान. आयुष्यभर हेच पेशंट्सना समजावत आलो. स्वतःला व्हायला लागलं तेव्हा पहिल्या दिवशीच ओळखलं मी."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? की पुरुषोत्तम आता आंधळा झाला, त्याला घोड्यातलं विचारू नका?" त्यांनी मान हलवली. "तू सांगायचीस आणि मला दिसायचं. अगदी दिसायचं, खरं सांगतो. विकत घेताना तू नव्हतीस. हाताला पाय थंड लागला, घोडा उमदा वाटला. शर्यतीच्या आधी यार्डात गेलो तेव्हा खूर गरम लागला आणि मी समजलो. जुनं दुखणं. कॉलिनला सांगितलं असतं तर एक्स-रे निघाला असता. शशीने विचारलं असतं, काका, तुम्ही बघितला होता ना?"

"म्हणून टोचलंत."

"एका शर्यतीपुरतं. डोळ्यांच्या ऑपरेशनला आयुष्यभर तेच टोचलंय मी, बाटली घरात होती. तो पळाला असता, मग आपण त्याला मानाने रिटायर केलं असतं. ती नस बोटाला लागते, डोळे लागत नाहीत. मी लागेल तेवढंच बधिर केलं होतं, फक्त टाच." ते थांबले. "तो चांगला पळत होता गं. दुसरा होता."

"डॅनीचे पाय गेले, काका."

"माहीत आहे मला."

"आणि सुईचं झाकण बादलीत पडलं, आणि त्यांनी शिव्हॉनला धरलं, तेव्हा?"

"ती पोरगी तरुण आहे. दुसरीकडे काम मिळेल तिला." ते वाक्य त्यांनी बहुधा स्वतःला पुष्कळदा ऐकवलं असावं, इतक्या सहज आलं. "माझ्याकडे काय उरलंय, सुचेता? लोक मला विचारतात, एवढंच ना?"

दारात कपबशीचा आवाज झाला. श्यामलाकाकू ट्रे घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, कोणास ठाऊक. त्यांनी घोड्याचं विचारलं नाही, डॅनीचं नाही.

"तुम्हाला मी दिसत नाही?" त्या म्हणाल्या.

काकांनी आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. थोडं जास्तच वळवलं.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं, आणि ते सांगेनात तेव्हा त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

"आता तू काय करणार आहेस?" पुरुषोत्तमांनी विचारलं.

"तुम्ही स्वतः सांगणार असाल तर मी बरोबर येते. आत्ता. गाडी बाहेर आहे."

मग त्यांनी घडी केलेला पेपर पुन्हा उघडला आणि मांडीवर पसरला.

सुचेता उठली.

७

टेप तिने त्याच दुपारी चौकशी अधिकाऱ्यांना नेऊन दिली.

पुढचं सगळं भराभर झालं आणि त्यातलं काहीच कोणाच्या समाधानाचं झालं नाही. डॉ. सहस्रबुद्धे यांना रेसकोर्सची दारं कायमची बंद झाली आणि पोलिसांनी खटला गुदरला. घोडा लंगडत असताना पळवला म्हणून कॉलिनला दंड झाला. त्याने तो भरला आणि त्याचे चाळीस घोडे पूर्वीसारखेच पळत राहिले. नीनाचा साठा परत आला. तिने सुचेताला एकदाही फोन केला नाही. शशिधरने केला.

"तू बरोबर होतीस, मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण म्हातारा माणूस. आपल्याआपल्यात मिटवता आलं नसतं का?"

"शिव्हॉनचं काय केलं असतं आपल्याआपल्यात?"

मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाचं आमंत्रण त्या वर्षी सुचेताला आलं नाही. चुकून राहिलं, असं नंतर कोणीतरी म्हणालं.

शिव्हॉन वर आली ती एप्रिलमध्ये. डॅनीने स्वतः बोलावलं होतं. सुचेता खोलीबाहेर पडायला लागली, तर तो म्हणाला, थांब. एकट्याने त्याला धीर होत नसावा.

"मी चुकलो," तो म्हणाला. "झाकण तुझ्या बादलीत होतं. सगळे तेच म्हणत होते."

"सगळे म्हणत होते," शिव्हॉन म्हणाली. "सगळ्यांशी माझं लग्न ठरलं नव्हतं."

ती रागावलेली नव्हती. तिने त्याच्या कपाळावरचे केस बाजूला केले, उशी सारखी केली. मग अंगठी त्याच्या पलंगाजवळच्या टेबलावर ठेवली, पाण्याच्या ग्लासशेजारी, आणि तो काही म्हणायच्या आत ती बाहेर पडली.

सुचेताने तिला स्टेशनवर सोडलं. ती घरी चालली होती, आयर्लंडला. घोड्यांचं काम पुन्हा करणार नव्हती. कोणीतरी चुलतबहीण दुकान चालवत होती, तिथे उभी राहणार होती. स्टेशनपाशी बॅग काढून झाल्यावर ती दाराशी वाकली.

"ते डॉक्टर," ती म्हणाली. "त्यांनी माझ्याबद्दल काही विचारलं? तू गेलीस तेव्हा. माझ्यावर आलं होतं सगळं, हे त्यांना माहीत होतं ना?"

"होतं."

"मग काय म्हणाले?"

सुचेताला काहीतरी बरं सांगता आलं असतं. तिने तसं वाक्य जुळवूनही पाहिलं.

"त्यांनी तुझं नावसुद्धा घेतलं नाही," ती म्हणाली. "मला वाटतं, त्यांना ते नावच माहीत नव्हतं."

शिव्हॉनने मान डोलावली, जणू तिला एवढंच पक्कं करून घ्यायचं होतं. तिने दार लावलं, हळूच, आपटू न देता, आणि बॅग उचलून ती प्लॅटफॉर्मकडे चालू लागली.